भिंत बंद होण्याआधी

स्कोफिल्ड्समध्ये फिरायला निघालं की अजूनही एखाद्या रस्त्यावर दोन-तीन घरं नुसत्या लाकडी सांगाड्याच्या रूपात उभी दिसतात. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर पाइनच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, वर छताच्या कैच्या. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं कुंपण दिसतं, इतकं आरपार घर. भारतातून पहिल्यांदा आलेले आई-बाबा ते पाहून हमखास विचारतात, ‘‘एवढंच? याच्यावर दुमजली बंगला?’’ एवढंच.

या अवस्थेला इथले बिल्डर ‘फ्रेम स्टेज’ म्हणतात. मग छप्पर चढतं, बाहेरून विटा लागतात, खिडक्या बसतात. त्याच सुमारास प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन येऊन सांगाड्याच्या पोटातून आपापले पाईप आणि वायरी फिरवून जातात. याचं नाव ‘रफ-इन’. त्यानंतर इन्सुलेशन, जिप्रॉकचे पत्रे, रंग. रफ-इन आणि जिप्रॉक यांच्यामध्ये फार दिवस नसतात. एवढ्याशा काळात घराच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचा एक निर्णय होऊन जातो, आणि बहुतेक घरमालकांना तो झाल्याचा पत्ताही नसतो. कोणत्या खोलीत नेटवर्कची केबल पोचणार आणि कोणत्या खोलीत नाही, हा तो निर्णय.

आपली मंडळी घर बांधताना काय काय चर्चा करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दार पूर्वेला आहे का, देवघर कुठे, मसाल्याच्या फोडणीसाठी मागे वेगळं ‘बटलर्स किचन’ घ्यायचं का, इंजिनिअर्ड स्टोनवर जुलै २०२४ पासून बंदी आली तर ओट्याला आता कोणता दगड. यातला एकही प्रश्न क्षुल्लक नाही. पण ओटा दहा वर्षांनी बदलता येतो. भिंतीतली केबल बदलायची तर भिंत फोडावी लागते.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण आपली सवय तिकडची असते. पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅटचं वायरिंग विटांच्या भिंतीत झिरी मारून, पीव्हीसी पाईप पुरून करतात. वायर त्या पाईपातून ओढलेली असते. पुढे जुनी वायर काढून त्याच पाईपातून नवी ओढता येते. इलेक्ट्रिशियन स्टीलची स्प्रिंग घेऊन येतो आणि तासा-दोन तासांत काम उरकतो. नाहीच जमलं तर पट्टी मारून वायर भिंतीवरून नेतो आणि कोणी काही म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरात सहसा पाईपच नसतो. सांगाड्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून केबल सरळ त्यातून नेलेली असते, जागोजागी अडकवलेली. जिप्रॉक लागलं की ती ओढूनही येत नाही. शिवाय दोन उभ्या पट्ट्यांच्या मधे आडवे ठोकळे ठोकलेले असतात, त्यामुळे वरून नवी केबल सोडली तर ती मधेच अडते. एकमजली घरात निदान छपराखालची पोकळी असते. दुमजली घरात तळमजल्याच्या वर ती पोकळीही मिळत नाही. म्हणजे ज्या घरात आई-बाबांची खोली खाली आणि मुलांच्या खोल्या वर, नेमकं तेच घर नंतर सुधारायला सगळ्यांत अवघड.

‘‘पण आता सगळं वाय-फायवरच चालतं की!’’ हा आक्षेप येतोच, तेव्हा त्याचाही विचार करू. वाय-फायच्या मुळाशी असलेल्या तंत्रातला एक कळीचा भाग आपल्या सिडनीतच घडला. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांचे सहकारी रेडिओ खगोलशास्त्रातले. छोटी कृष्णविवरं फुटताना निघू शकतील असे क्षीण रेडिओ संकेत शोधण्याच्या प्रयत्नात ओ’सलिव्हन होते. ते संकेत काही सापडले नाहीत, पण त्या कामात हाताळलेलं गणित पुढे बंद खोलीत भिंतींवरून परावर्तित होऊन एकमेकांत गुंतणाऱ्या लहरी सोडवायला उपयोगी पडलं. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. म्हणजे परावर्तनाचा प्रश्न सुटला. लहर आडवली जाण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. बाथरूमच्या टाइल्स, वॉर्डरोबचे मोठे आरसे, इन्सुलेशनवरचा चंदेरी कागद, फ्रिज, हे सगळे लहरी खातात किंवा परतवतात. वेगवान वाय-फाय ज्या उच्च वारंवारतेवर चालतं, ती तर भिंतीला आणखी लवकर शरण जाते.

आणि त्यात राउटर बसतो कुठे? गॅरेजमध्ये. नव्या वसाहतींत फायबर थेट घरापर्यंत येतं. अलेक्स अव्हेन्यू आणि रिव्हरस्टोन हे पट्टे २०१० मध्ये वस्तीसाठी खुले झाले, त्यामुळे आपल्या भागातली बहुतेक घरं फायबरच्या काळातलीच. हे फायबर जिथे संपतं तो एनबीएनचा बॉक्स बहुधा गॅरेजच्या आतल्या भिंतीवर असतो, कारण विजेचा मीटर पलीकडच्या बाजूला असतो आणि ठेकेदाराला तेच सोयीचं. (काही वसाहतींत एनबीएनऐवजी ऑप्टिकॉमचं जाळं आहे, आतल्या केबलचा विचार त्यामुळे बदलत नाही.) घराच्या एका कोपऱ्यात, विटांच्या आणि गाडीच्या सोबतीत राउटर ठेवायचा आणि तिरक्या टोकाच्या वरच्या खोलीत दहावी-बारावीच्या मुलाने ऑनलाइन परीक्षा द्यायची, अशी ती रचना. उन्हाळ्यात बंद गॅरेज किती तापतं ते वेगळं सांगायला नको. ४ जानेवारी २०२० रोजी जवळच्याच पेनरिथला ४८.९ अंश नोंदले गेले होते. आपण घामाघूम होतो, राउटर मंदावतो किंवा बंद पडतो.

सप्टेंबर २०२५ पासून तर ही विसंगती जास्तच ठळक झाली. एनबीएनने फायबर आणि एचएफसीच्या घरांसाठी १०० मेगाबिटचा प्लॅन ५०० वर नेला, २५० चा ७५० वर, आणि वर २००० चा नवा प्लॅन आणला. गॅरेजच्या भिंतीपर्यंत महामार्ग आला; तिथून पुढे माजघरापर्यंत पाऊलवाट.

जरा मागे जाऊ. १८७२ मध्ये अ‍ॅडलेड ते डार्विन अशी तारयंत्राची लाइन वाळवंटातून पूर्ण झाली आणि समुद्राखालच्या केबलने ऑस्ट्रेलिया जगाशी जोडला गेला. ती वाट कशी होती माहीत आहे? डार्विनहून जावा, तिथून सिंगापूर, पेनांग, मद्रास. मद्रासहून जमिनीवरून मुंबई. आणि मुंबईहून एडन-सुएझ करत लंडन. इथल्या गोऱ्या वसाहतीने मायदेशी पाठवलेली तार मुंबईच्या तारघरातून जात होती! आज आपला व्हिडिओ कॉल बहुधा पर्थ-सिंगापूरच्या बाजूने जातो. २०१८ पासून तिथे नवी समुद्री केबलही आहे. हजारो किलोमीटर समुद्र तो बिनतक्रार ओलांडतो आणि आजीचा चेहरा गोठतो तो शेवटच्या पंधरा मीटरमध्ये, गॅरेज आणि पाहुण्यांच्या खोलीच्या दरम्यान.

त्या पंधरा मीटरचा इलाज आपल्यातल्या अनेकांना नोकरीमुळे ठाऊक असतो. मॅक्वारी पार्क किंवा नॉरवेस्टच्या ऑफिसात पॅच पॅनल रोज पाहणारी, सर्व्हर रूममध्ये ऊठबस असणारी मंडळी घराच्या नकाशावर मात्र ‘डेटा पॉइंट : १’ या ओळीवर सही करून मोकळी होतात. ऑफिसात जे असतं त्याला ‘स्ट्रक्चर्ड केबलिंग’ म्हणतात, आणि त्यामागची कल्पना साधी आहे. पूर्वी ज्या कंपनीचा संगणक, त्याच कंपनीची केबल. संगणक बदलला की भिंतीतली तारही निरुपयोगी. १९९१ मध्ये अमेरिकेत टीआयए-५६८ हे मानक आलं आणि इमारतीची केबल यंत्रापासून सुटी झाली. प्रत्येक जागेपासून एक अखंड केबल एका मध्यवर्ती ठिकाणी आणायची, दोन्ही टोकांना ठरलेली सॉकेट बसवायची, आणि मग त्या जागी फोन लावा, संगणक लावा, टीव्ही लावा, नाहीतर अजून जन्माला न आलेलं यंत्र लावा. भिंतीला त्याचं देणंघेणं नाही.

घरातही नेमकं हेच करायचं. एक मध्यवर्ती जागा ठरवायची. इलेक्ट्रिशियन तिला ‘होम हब’ म्हणतात, भिंतीत बसवलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी. जिन्याखालचं कपाट किंवा स्टडीची भिंत चांगली. कपडे धुण्याच्या खोलीत दमट असतं. चादरी-पांघरुणांच्या कपाटात हवा खेळत नाही. पेटीत दोन पॉवर पॉइंट आठवणीने मागा, कारण पेटी आहे आणि आत वीज नाही असंही होतं. नंतर एनबीएनचा बॉक्स जिथे येणार तिथून या पेटीपर्यंत दोन केबल. सगळ्या घरात एकच गोष्ट मागता येणार असेल तर ही मागा. या दोन केबलमुळे राउटर गॅरेजमधून सुटून घराच्या मध्यावर येतो.

पुढचं नियोजन नकाशा आणि पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर होतं, आणि ते बिल्डरकडच्या ‘इलेक्ट्रिकल अपॉइंटमेंट’च्या आधी व्हायला हवं. तिथे गेल्यावर समोरची व्यक्ती दिव्यांच्या जागा विचारत घाई करत असते. नंतर सुचलेला प्रत्येक पॉइंट ‘व्हेरिएशन’ होतो आणि त्याचा दर वेगळा लागतो. घर ताब्यात येईपर्यंत बहुतेक बिल्डर आपल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला साइटवर पाऊल ठेवू देत नाहीत, तेव्हा ‘‘आपला माणूस आहे, तो येऊन टाकून जाईल’’ या भरवशावर राहू नका.

आज कुठे काय आहे यापेक्षा माणसं कुठे बसतील ते बघा. टीव्हीच्या मागे दोन. स्टडीत दोन. प्रत्येक बेडरूममध्ये निदान एक, पलंगाच्या डोक्याशी नव्हे तर टेबल येईल त्या भिंतीवर. तळमजल्यावरच्या आई-बाबांच्या खोलीत दोन, कारण सहा महिने मुक्काम असेल तर मराठी मालिका तिथेच चालणार आणि भाऊ-बहिणींचे फोनही तिथूनच होणार. वाय-फाय सोडायचं नाहीच, उलट ते नीट चालावं म्हणून प्रत्येक मजल्याच्या छतात मध्यावर एक केबल द्यायची. तिथे छोटी थाळीसारखी ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ बसते आणि तिला वीजही त्याच केबलमधून मिळते. दाराची बेल, वळचणीखालचे कॅमेरे यांनाही तसंच. आणि एक जागा सगळेच विसरतात, सोलरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी. ती बाहेरच्या भिंतीला असतात, तिथे वाय-फाय तुटक पोचतं आणि मग वीज किती बनली ते अ‍ॅपमध्ये दिसत नाही म्हणून दर आठवड्याला कोणीतरी कुरकुरतं. सगळ्यांत शेवटी, खालून वरच्या छतापर्यंत एक रिकामा पाईप, आत दोरी सोडलेला. म्हणजे पुण्याच्या भिंतीतली सोय निदान एका जागी तरी इथे आणून ठेवायची.

केबल कोणती, यावर आपल्या मंडळींत वाद रंगतात. माझं मत सरळ आहे. कॅट ६ पुरे. ती शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते आणि साधारण पन्नास-पंचावन्न मीटरपर्यंत दहा गिगाबिटही नेऊ शकते. आपल्या घरात तीस-चाळीस मीटरच्या वर एकही केबल जात नाही. कॅट ६ए जाड असते, वळवायला कठीण. कॅट ८ ही डेटा सेंटरमधल्या तीस मीटरच्या कामासाठी आहे. वरच्या दर्जाच्या केबलचे पैसे वाचवून दोन पॉइंट जास्त घ्या. फक्त तार अस्सल तांब्याची हवी. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती ठिसूळ असते, आणि कॅमेऱ्याला तिच्यातून वीज दिली की जास्त तापते.

या केबलमध्ये आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला वेगळा पीळ. पीळ देण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, पेटंट १८८१ चं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि फरक काढला की नाहीसा होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे उलटं आहे, पीळ गेला की सुंभ शाबूत असूनही उपयोगाचा नाही. म्हणून सॉकेट बसवताना तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उलगडायचा नाही. केबल तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळणात मोडायची नाही, हिसके देऊन ओढायची नाही. सॉकेटमध्ये रंगांचे दोन क्रम चालतात, ‘ए’ आणि ‘बी’. ऑस्ट्रेलियात ‘ए’ची शिफारस आहे, भारतात ‘बी’ सर्रास दिसतो. कोणताही चालतो, दोन्ही टोकांना तोच हवा.

विजेच्या वायरीपासून डेटा केबल किमान ५० मिलिमीटर लांब ठेवायची किंवा मधे आडोसा द्यायचा, हा इथला नियम आहे. एकाच भोकातून दोन्ही न्यायच्या नाहीत. यामागे सिग्नलपेक्षा जिवाची काळजी आहे. २३० व्होल्ट चुकून डेटा केबलमध्ये उतरले तर सॉकेटला हात लावणाऱ्याचं काय होईल ते उघड आहे. म्हणूनच इथे भिंतीतली केबल स्वतः टाकायला कायद्याने मनाई आहे. एसीएमए या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार हे काम नोंदणीकृत केबलरनेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं. विजेचं लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनलाही यासाठी वेगळी नोंदणी लागते, आणि त्यात डेटा केबलिंगची परवानगी आहे ना ते विचारून घ्यावं. तयार पॅच कॉर्ड सॉकेटला लावणं आपलं काम, भिंतीच्या आत हात घालणं नाही. पंधरा वर्षं नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम केलेल्या आपल्या मित्रांना हे टोचतं, पण राउटर कॉन्फिगर करणं आणि तार टाकणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. (जाता जाता, आपल्या मुलांपैकी कोणी या कसबी धंद्याकडे वळलं तर आपण अजूनही नाक मुरडतो. आणि चांगला केबलर मिळत नाही म्हणून तक्रारही आपणच करतो.)

काम झालं की केबलरकडून ‘टीसीए१’ हा फॉर्म घ्या. काम नियमांनुसार केल्याचं तो त्यावर लिहून देतो. घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये त्याला जागा द्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी हवी. ‘बेड ३’ असं लिहिलं तरी पुरतं. आणि जिप्रॉक लागण्याच्या आदल्या आठवड्यात बिल्डरच्या परवानगीने साइटवर जाऊन प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी टेकवून. कोणती केबल जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते त्यात दिसलं पाहिजे. पुढे गणपतीच्या आरासासाठी किंवा फोटो फ्रेमसाठी खिळा ठोकताना हे फोटोच कामी येतात. एखादी केबल मोजून घ्यायची राहिली असेल, रफ-इनमध्ये कोणी विसरला असेल, तर तेही याच फेरीत कळतं.

आई-बाबा कायमचे इथे राहायला येणार असतील तर आणखी एक गोष्ट. जुना तांब्याच्या तारेचा फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या विजेवर चालायचा, घरातले दिवे गेले तरी. फायबरवरचा फोन दिवे गेले की बंद. पडल्यावर बटण दाबून मदत मागवायचं गळ्यातलं यंत्र घेतलं असेल, तर ते मोबाइल नेटवर्कवर चालतं की घरच्या इंटरनेटवर, हे विकणाऱ्याला विचारा. एनबीएनचा बॉक्स आणि राउटर दोघांना फारशी वीज लागत नाही. एक छोटा यूपीएस दोघांना थोडा वेळ तगवतो, पण दोघं वेगळ्या जागी असतील तर दोन लागतात.

घर आधीच बांधून झालंय त्यांनी निराश होऊ नये. सगळ्या खोल्यांत केबल नेण्याच्या नादी लागू नका. गॅरेजमधून वरच्या मजल्याच्या छतापर्यंत एक केबल गेली तरी निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात, आणि गॅरेजच्या कोपऱ्यातून वर जायला वाट बहुधा सापडते. त्या छतावर एक अ‍ॅक्सेस पॉइंट, खाली दुसरा. तेही जमत नसेल तर टीव्हीच्या अँटेनासाठी टाकलेली जाड गोल केबल आठवा. आता टीव्ही इंटरनेटवरच पाहतात, त्यामुळे ती पडून असते. ‘मोका’ नावाची अ‍ॅडॅप्टरची जोडी लावली की तिच्यातून नेटवर्क चांगलं चालतं. विजेच्या वायरीतून नेटवर्क नेणारी यंत्रंही मिळतात; ती काही घरांत चालतात, काहींत नाहीत, तेव्हा परत करता येतील अशा दुकानातूनच घ्या. टाउनहाउस किंवा अपार्टमेंट असेल तर सामाईक भिंतीला हात लावण्याआधी स्ट्राटाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो.

छपराखालच्या पोकळीतलं काम असेल तर केबलरला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोलवा. डिसेंबर-जानेवारीत तिथे रांगत काम करणं माणसाला शक्य होत नाही, आणि जो तयार होतो तो पहाटे सहाला येऊन नऊला निघतो.